कोर्टाची पायरी आणि कुष्ठरोग



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ती रचणाऱ्याचा अनुभव खोटा नव्हता. शेताच्या बांधावरून आजोबांनी लावलेला दावा नातवाच्या लग्नापर्यंत रेंगाळलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिची सत्यता निराळी पटवून द्यावी लागत नाही. पण या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पायरी चढावी की चढू नये हे ठरविण्याची मोकळीक त्या शहाण्याला आहे, अशी ती कल्पना. ज्याला कायद्यानेच आधी समाजाच्या उंबरठ्याबाहेर उभे केले, त्याने काय करावे याविषयी म्हण मुकी आहे. आज मी ज्या आजाराविषयी बोलणार आहे, त्याच्या वाट्याला अशीच स्थिती आली. तो आजार म्हणजे कुष्ठरोग. आपल्या जुन्या बोलीत रक्तपिती किंवा महारोग. 'महा' हा शब्द आपण मोठेपणासाठी वापरतो. महर्षी, महाकवी, महामार्ग. एका रोगाला मात्र तो आपण केवळ भीतीने लावला.

भिलाईला हुडको नावाची वसाहत आहे. घरबांधणीला कर्ज देणाऱ्या एका सरकारी महामंडळाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. पण आता ती इतकी रुळली आहेत की, तेथील रिक्षावाल्याला या नावाचा अर्थ विचारला तर तो आपल्याकडेच संशयाने पाहील. सोव्हिएत साहाय्याने पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तेथे आली. नागपूर-भंडारा-गोंदियाकडची मराठी कुटुंबे तर जवळचीच. त्यांचे गणपती बसतात, हळदीकुंकवे होतात, आणि घरातली मुले आईशी वऱ्हाडी-झाडीपट्टीच्या वळणाची मराठी व दाराबाहेर छत्तीसगढी मिसळलेली हिंदी सारख्याच सहजतेने बोलतात.

अशाच एका घरी काही वर्षांपूर्वी माझे जाणेयेणे होते. घरातला थोरला मुलगा एका ठेकेदाराकडे कामाला जाई. त्याच्या ओळखीच्या खुणा मी येथे मुद्दाम पुसून टाकल्या आहेत. एके दिवशी बाही सारताना त्याच्या दंडावर एक फिकट, तांबूस चट्टा मला दिसला. विचारले, तर म्हणाला, "दोन वर्षे झाली. दुखत नाही, खाजत नाही, मग कशाला काळजी?" न दुखणे हीच तर काळजीची बाब होती. त्याच्या करंगळीची आणि शेजारच्या बोटाची शक्ती कमी झाली होती. गरम कपबशी हाती धरली तरी त्या बाजूला चटका कळत नव्हता. मी त्याला सरकारी दवाखान्यात चल म्हटले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, "काकाजी, तिथं नाव लिहून घेतात काय?"

औषध कडू आहे का, किती दिवस घ्यावे लागेल, बरे वाटेल की नाही, यांपैकी काहीही त्याने विचारले नाही. नाव लिहितात का, एवढेच विचारले. धाकट्या बहिणीचे लग्न ठरावयाचे होते.

या रोगाचे जंतू नॉर्वेच्या आर्मॉर हान्सेनने १८७३ साली दाखवून दिले. तोवर तो शाप, पाप किंवा आनुवंशिक दोष मानला जाई. जंतू अतिशय मंदगतीने वाढतात. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्यांचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते. ज्यांच्यात ती नसते, त्यांच्या कातडीवर आणि कातडीजवळच्या मज्जातंतूंवर ते घाला घालतात. बोटे 'झडतात' ही समजूत चुकीची आहे. संवेदना गेल्यामुळे भाजते, कापते, ठेच लागते आणि माणसाला कळत नाही. जखमा चिघळतात, व्रण खोल जातात, हाड झिजते. वेदना ही आपली राखणदार आहे. ती निघून गेली की घर उघडे पडते.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली आणि चित्र पालटले. महिन्याचे औषध एका पाकिटात असते. सौम्य प्रकाराला सहा महिने, तीव्र प्रकाराला बारा महिने ते घेतले की जंतू नष्ट होतात, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्याला संसर्ग होण्याचे थांबते. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण जो मज्जातंतू एकदा पुरता मेला, त्याला कोणतेही पाकीट परत जिवंत करीत नाही. म्हणून या रोगात महत्त्वाचा प्रश्न एकच उरतो: रुग्ण दवाखान्यात केव्हा येतो? चट्टा दिसताच आला, तर तो निरोगी माणसासारखा आयुष्य काढतो. दोन वर्षे लपवून आला, तर वाकडी बोटे घेऊन जगतो.

आणि तो का लपवितो, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या कायद्याच्या पुस्तकांत आहे. समाज भितो हे आपण सारे जाणतो. पण समाजाच्या भीतीवर सरकारी शिक्का मारून तिला कलमांचे रूप दिले गेले होते, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते.

१८९८ साली इंग्रज सरकारने महारोग्यांविषयीचा कायदा केला. ज्याला उपजीविकेचे साधन नाही किंवा जो उघड्यावर भीक मागतो, अशा रुग्णाला वॉरंटाशिवाय पकडावे, वैद्यकीय तपासणीनंतर मॅजिस्ट्रेटने त्याला आश्रमात डांबून ठेवावे, अशी त्यात तजवीज होती. ठरावीक क्षेत्रात त्याने खाद्यपदार्थ विकू नयेत, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये की कपडे धुऊ नयेत, भाड्याच्या वाहनात बसू नये. त्या काळी औषध नव्हते, तेव्हा भीतीने केलेला हा कायदा समजण्यासारखा आहे असे कोणी म्हणेल. पण औषध आल्यानंतरही तो राहिला. काही राज्यांनी त्याला आधीच निरोप दिला होता. संसदेने तो केंद्राच्या संग्रहातून काढला २०१६ साली. स्वतंत्र भारताने स्वतः केलेल्या कायद्यांचीही गोष्ट फार निराळी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात उग्र आणि असाध्य स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून लिहिले गेले. १९५९ च्या मुंबईच्या भिक्षा-प्रतिबंधक कायद्यात कुष्ठरोगी भिकाऱ्यासाठी निराळे कलम आले. कित्येक राज्यांच्या नगरपालिका व पंचायत कायद्यांनी तर अशा माणसाला निवडणुकीलाच अपात्र ठरविले.

आमच्या त्या मुलाने यांतले एकही कलम वाचलेले नव्हते. तरी त्याला ते सारे पाठ होते.

कायद्याच्या वाटेकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या वाटेचे ऋण मान्य केले पाहिजे. भिलाईपासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर चांपा आहे. तेथे सोठी गावाजवळ सदाशिव गोविंद कात्रे यांनी १९६२ साली भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. कात्रे स्वतः रेल्वेतले नोकर आणि स्वतः या रोगाचे रुग्ण. घरादाराला पारखे होऊन त्यांनी झोपडीपासून प्रारंभ केला. १९७२ पासून अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट तेथे राहिले, आणि २०१९ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी ती जागा सोडली नाही. मराठी मुलखात अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन होते, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण होते, आणि वरोड्याला बाबा आमटे. बाबा व्यवसायाने वकील होते, हे आपण कधी कधी विसरतो. वकिलीचा डगला उतरवून ठेवूनच त्यांना आनंदवनाकडे जावे लागले. त्या पिढीला न्यायालयात या रुग्णांसाठी काही मागण्यासारखे आहे असे वाटण्याची स्थितीच नव्हती. तिने हाताला काम दिले, माणसाला घर दिले. पण सेवेची एक मर्यादा असते: ती जेथे पोहोचते तेथे स्वर्ग असतो, आणि आश्रमाच्या कुंपणाबाहेर मात्र जुनाच नियम चालू राहतो. जो रुग्ण आश्रमात न जाता आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत राहू इच्छितो, त्याला आश्रय पुरत नाही. त्याला हक्क लागतो.

आता हक्काची गोष्ट. ओडिशातील एका नगरपालिकेत निवडून आलेल्या सदस्याला कुष्ठरोगाच्या कारणावरून पद गमवावे लागले. तो लढत लढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००८ साली हरला. तेथील नगरपालिका कायद्याने केलेली ही वर्गवारी घटनेच्या विरुद्ध नाही, असे न्यायालयाने ठरविले. मात्र वैद्यकशास्त्र पुढे गेले आहे, तेव्हा अशी तरतूद आता ठेवावी की नाही याचा कायदेमंडळाने विचार करावा, असेही त्याच निकालपत्रात नमूद केले. मला या निकालाविषयी नेहमी हळहळ वाटते. दुरुस्ती हवी हे न्यायासनाला दिसत होते, आणि तरी त्याचा हात थांबला. ओडिशाने ती तरतूद बदलली २०२० साली. मधल्या बारा वर्षांत तेथील कोणत्या गावातल्या कोणत्या माणसाने उमेदवारीचा अर्ज भरण्याचे मनातल्या मनातच रद्द केले असेल, याची नोंद कोठे असणार?

पण हरलेला दावाही वाया जातोच असे नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये विधी आयोगाने आपला दोनशे छप्पन्नावा अहवाल याच विषयावर दिला. आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे. १८९८ चा कायदा रद्द करा, विवाहाच्या कायद्यांतील ती कलमे काढा, आणि भेदभावाला मनाई करणारा स्वतंत्र कायदा करा, असे आयोगाने सांगितले व कायद्याचा मसुदाही जोडून दिला. मसुदा अजून मसुदाच आहे. पण पहिली गोष्ट २०१६ साली झाली, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत संसदेने हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम व विशेष विवाहाशी संबंधित अशा पाच कायद्यांतून कुष्ठरोगाचा उल्लेख पुसून टाकला.

दरम्यान २०१४ साली पंकज सिन्हा यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. तिचा निकाल १४ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्यासमवेत पीठावर न्यायमूर्ती खानविलकर आणि न्यायमूर्ती चंद्रचूड होते. निकालातले आदेश वाचताना एखाद्या अनुभवी आरोग्यसेवकाने लिहिल्यासारखे वाटतात. औषधे सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांवर फुकट असावीत आणि त्यांचा साठा संपू देऊ नये. रुग्णाला घरापासून तोडू नये. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही दवाखान्याने त्याला भेदभावाने वागवू नये. शाळांनी अशा कुटुंबांतील मुलांना दूर लोटू नये. प्रचाराच्या चित्रांत भेसूर हातपाय दाखविणे बंद करून बऱ्या झालेल्या माणसांची चित्रे द्यावीत. हा शेवटला आदेश मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. भिंतीवरचे भेसूर चित्र पाहून कोणता तरुण आपला चट्टा डॉक्टरांना दाखवील? आपण त्याला सावध करावयास गेलो आणि पळवून लावून आलो.

येथे मी सरकारी नोकर म्हणून दोन शब्द बोलतो. न्यायालयाच्या आदेशाने खरोखर काय होते? रुग्णाच्या हातात लगेच काही पडत नाही. पण न्यायालयाची नोटीस आली की खात्याला शपथपत्र करावे लागते. शपथपत्रासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवावी लागते: औषध किती आहे, शेवटचे कधी आले, किती रुग्ण अर्धवट सोडून गेले. जो प्रश्न कित्येक वर्षांत कोणी विचारलेला नसतो, तो तारखेच्या आत विचारला जातो. आणि उत्तराखाली कोणाला तरी सही करावी लागते. सहीची भीती ही आमच्या जगातली फार मोठी शक्ती आहे. तिची थट्टा करू नये. तिने पुष्कळ चांगली कामे झालेली आहेत.

ही शक्ती येथे लागली, कारण मधल्या काळात एका शब्दाने घात केला होता. २००५ च्या डिसेंबरात देशातील सरासरी दहा हजारांमागे एक रुग्ण या रेषेच्या खाली आली. आरोग्याच्या परिभाषेत त्याचा अर्थ इतकाच, की सार्वजनिक समस्या म्हणून रोगाचे प्रमाण आटोक्यात आले. पण कार्यक्रमाचे नावच कुष्ठरोग 'निर्मूलन'. मूळच उपटले गेले म्हटल्यावर उरले काय? लक्ष ओसरले, निराळी यंत्रणा सामान्य आरोग्यसेवेत विलीन झाली, जाणते कर्मचारी निवृत्त झाले. आणि इकडे छत्तीसगडसारखे राज्य त्यानंतरही वर्षानुवर्षे त्या रेषेच्या वरच राहिले. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात; २०२२-२३ या एका वर्षात त्यांची संख्या एक लाखाच्या वर होती.

परदेशातील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. जपानने १९५३ साली केलेल्या कायद्याने कुष्ठरुग्णांना वसतिस्थानांत डांबणे चालूच ठेवले, आणि तो कायदा रद्द झाला १९९६ साली. औषध मिळून कित्येक दशके लोटली होती. १९९८ साली तेरा रुग्णांनी सरकारवर दावा लावला. २००१ च्या मे महिन्यात कुमामोतो येथील न्यायालयाने निकाल दिला तोवर त्या दाव्यातील वादी एकशे सत्तावीस झाले होते. कायदा घटनाबाह्य होता, असे न्यायालय म्हणाले. पंतप्रधान कोइझुमी यांनी अपील न करण्याचे ठरविले आणि क्षमा मागितली. २०१९ साली त्याच गावच्या न्यायालयाने रुग्णांच्या कुटुंबीयांनाही भरपाई दिली.

या दोन देशांतला फरक माझ्या मनात घोळत राहतो. तेथे वादी स्वतः रुग्ण होते. वसतिस्थानात आल्यावर घरच्यांची अब्रू वाचविण्यासाठी ज्यांनी खोटी नावे धारण केली होती, अशी म्हातारी माणसे न्यायालयात आली. आपल्याकडे २०१८ चा निकाल जनहित याचिकेवर मिळाला. यात कमीपणा कोणाचाच नाही. दावा लावण्यासाठी पहिल्याच ओळीत स्वतःचे नाव लिहावे लागते, आणि या रोगाने आधी हिरावून घेतले असेल तर ते नावच. जनहित याचिकेची सोय आपल्या न्यायालयांनी केली नसती, तर हा विषय त्यांच्यासमोर येता की नाही याची मला शंका आहे. हान्सेनचीही एक गोष्ट यात मोडते. जंतू शोधणाऱ्या या थोर माणसाने एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्याला तिच्या संमतीवाचून दुसऱ्या रुग्णाचा अंश टोचून पाहिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली त्याला रुग्णालयातील पदावरून दूर व्हावे लागले. कुष्ठरुग्णालाही 'नाही' म्हणण्याचा हक्क आहे, हे बर्गेनच्या न्यायालयाने तेव्हाच सांगून ठेवले होते. ऐकू येण्यास जगाला शंभर वर्षे लागली.

न्यायालय जेथे पोहोचत नाही, अशा जागाही पुष्कळ आहेत. निरक्षर माणसाला आपण थट्टेने अंगठाबहाद्दर म्हणतो. ज्याच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्या आहेत, त्याला काय म्हणावे? रेशनच्या दुकानातील यंत्रावर एक वृद्ध पुन्हा पुन्हा अंगठा दाबताना मी पाहिला आहे. यंत्र प्रत्येक वेळी त्याला ओळखण्याचे नाकारी, आणि मागची रांग कुरकुरे. नियमांत दुसऱ्या मार्गाने ओळख पटविण्याची तरतूद असते. दुकानदाराला ती ठाऊक नव्हती, वृद्धाला तर नव्हतीच. अपंगत्वाच्या दाखल्याचेही तसेच. २०१६ च्या कायद्याने कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाचा अपंगांत समावेश केला, पण बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्के अपंगत्व लागते. हात दिसायला धड, पण त्यात संवेदना नाही. अशा हाताला किती टक्के द्यावयाचे? अशा माणसांच्या अपंगत्वाच्या मोजणीसाठी वेगळे नियम करा, असे २०१८ च्या निकालात सांगितले आहे, ते याचसाठी. आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा राज्यांना सांगावे लागले, की समित्या नेमा आणि तुमच्या कायद्यांत अशी कलमे अजून कोठे कोठे दडली आहेत ती शोधून काढा. म्हणजे पायऱ्या अजून संपलेल्या नाहीत.

हुडकोतल्या त्या मुलाला मी शेवटी दवाखान्यात नेले. नाव लिहून घेतले गेले. लिहिणारी परिचारिका मान वर न करता म्हणाली, "बेटा, इस रजिस्टर में बहुत लोग हैं, और सब ठीक होकर गये हैं।" त्याने बारा पाकिटे पुरी केली. बोटांचा व्यायाम तो अजून करतो. करंगळी थोडी वाकडी राहिली, बाकी हात कामाला आला. बहिणीचे लग्न झाले. उपचार पूर्ण झाल्याचा कागद त्याला मिळाला, तेव्हा त्याने तो दोनदा वाचला, घडी घातली आणि घरी न नेता माझ्याकडे ठेवावयास दिला.

तो अजून माझ्याच कपाटात आहे.